दह्याच्या मडक्यातला सह्याद्री

सुधाताई बिवलकरांकडे कुणी दही मागितलं तर मिळेलच असं नाही, पण दह्याची रिकामी मडकी हवी तेवढी मिळतील. कोलकात्यातल्या बेहाल्याच्या त्यांच्या दुमजली घरात ती जिन्याखाली आहेत, पलंगाखाली आहेत, आणि एकदा तर देवघराच्या खालच्या कप्प्यातही निघाली. त्या दिवशी श्रीकांतरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आवाज चढवला म्हणतात. कोपऱ्यावरचा मिठाईवाला कानतुटकी मडकी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. त्या मडक्यांत बाई माती भरतात, मातीच्या पोटात खराखुरा स्फटिक लपवतात आणि ते खोक्यात घालून शाळेतल्या मुलांना देतात. सोबत बांबूची एक कोरणी, ब्रश, भिंग आणि डोळे सांभाळायला चष्मा. मडकं फोडायचं, माती हळूहळू कोरायची, स्फटिक शोधून काढायचा. वय वर्षं चौसष्ट. निवृत्तीनंतर सुरू केलेला हा उद्योग पोरखेळ आहे असं त्यांच्या तोंडावर म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

सुधाताई जन्मल्या, वाढल्या, शिकल्या त्या कोलकात्यातच. वडील चंद्रकांत जोगळेकर गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत होते. घरात चोख मराठी, आणि बाहेर असं बंगाली की बाजारातल्या मासेवालीला या बाई मासे खात नाहीत यावर विश्वास बसू नये. तरीही कुणी विचारलं की तुम्ही कुठल्या, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: आम्ही सह्याद्रीतले. जोगळेकरांचं मूळ गाव वाईजवळचं. तिथं सुधाताई उभ्या आयुष्यात जेमतेम पाच वेळा गेल्या होत्या, पण उत्तरात कधी खंड पडला नाही.

या उत्तराला एक पुरावाही होता. नऊ वर्षांच्या असताना त्या पहिल्यांदा गावी निघाल्या. मनमाडला गाडी बदलायची होती. फलाटाच्या टोकाशी काळ्या दगडांचा ढीग होता, त्यातला एक दगड या पोरीनं उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला, आणि पुढचा सगळा प्रवास खिसा एका बाजूला लोंबत होता. परत आल्यावर वडिलांनी त्या दगडावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘आपल्या गावचा दगड’. मनमाड काही त्यांचं गाव नव्हतं. पण कोलकात्यातून पाहिलं की सगळा मुलूख एकच गाव वाटतो. तो दगड बिस्किटांच्या डब्यात पंचावन्न वर्षं टिकला.

बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत सुधाताईंनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मुली त्यांना शुधादी म्हणत आणि चळाचळा कापत. अग्निजन्य खडक, स्तरित खडक, रूपांतरित खडक, सगळं फळ्यावर रंगीत खडूनं यथासांग. आता यातली गोची अशी की कोलकात्यात दगडच नाही. जमीन खणली की माती, आणखी खणली की आणखी माती, आणि तशीच खाली कित्येक किलोमीटर. जुन्या घरांच्या स्लॅबमध्ये खडीऐवजी विटा फोडून घातलेल्या असत. पाचवीतल्या एका मुलीनं एकदा विटेचा तुकडा आणून विचारलं होतं, हा अग्निजन्य ना, भट्टीत भाजतात म्हणून? वर्ग हसला, सुधाताईंनाही हसू आलं. पण घरी जाताना बसमध्ये त्यांना वाईट वाटलं. आपण ज्यांना दगड शिकवतो त्यांनी दगड पाहिलेलाच नाही, आणि आपण त्यांच्या हातात खडूशिवाय काही दिलेलं नाही, हे त्यांना त्या दिवशी लागलं ते लागलंच.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावच्या भाच्याला, अरुणला, कामाला लावलं. तिकडच्या खाणींत काळा दगड फोडताना पोकळ्यांतून स्फटिक निघतात. व्यापारी चांगले तेवढे घेतात आणि टवके उडालेले टाकून देतात. ते टाकलेले अरुण खोकीच्या खोकी पाठवू लागला. पांढरे, गुलाबीसर, काही पाण्यासारखे स्वच्छ. लपवायचे कशात हा प्रश्न उरला. प्लास्टर ऑफ पॅरिसची धूळ नाकातोंडात जायची, म्हणून ते बाद. मग बाईंना आपल्याकडचे किल्ले आठवले. चुन्यात गूळ घालून बांधकाम करत, तीन-तीनशे वर्षं ढळत नाही, असं वडील अभिमानानं सांगायचे. सुधाताईंनी चुना, वाळू आणि कोल्हापुरी गूळ कालवून बारा मडकी भरली. आठवड्यानं बेहाल्यातल्या झाडून सगळ्या मुंग्या घरात आल्या, आणि महिन्यानं जे तयार झालं ते हातोड्यालाही दाद देईना. मुलांनी खणायच्या वस्तूसाठी किल्ल्याचं बांधकाम वापरायचं, ही बुद्धी मराठी माणसालाच व्हायची. ती बारा मडकी जिन्याखाली ढकलून दिली गेली आणि सुधाताई मुकाट्यानं गंगेच्या मातीकडे वळल्या. माती दोन भाग, वाळू एक भाग, आणि आठ दिवस पंख्याखाली वाळवण. हे जमलं.

पहिली पंधरा मडकी त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी बायकांना वाण म्हणून लुटली. बायका चक्रावल्या. त्यातल्या हेमा पटवर्धनांनी मडक्यात तुळस लावली, आणि पाणी घालता घालता एक दिवस मुळाशी काहीतरी चमकलं, तेव्हा दृष्टान्त झाल्यासारखा त्यांचा फोन आला. पण मुलांना मडक्यांचं वेड लागलं. दोन वर्षांत आठ-दहा लहान शाळांतून ती गेली.

एका बाबतीत सुधाताई कुणाचं ऐकत नसत. बाजारातल्या तयार खोक्यांत रंगवलेली काच प्लास्टरमध्ये बुंदीच्या लाडवातल्या बेदाण्यांसारखी विखुरलेली असते. त्यांच्या मडक्यात खऱ्या स्फटिकाभोवती काळ्या दगडाचा चुरा असे आणि स्फटिक शालपानात, म्हणजे सालवृक्षाच्या पानात, गुंडाळून मधोमध पोकळीत बसवलेला. स्फटिक मातीत पडलेला नसतो, त्याला दगडाचं घर असतं, हे मुलाच्या हाताला कळलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

आता खरी परीक्षा आली होती, आणि तीही त्यांच्याच शाळेत. नव्या मुख्याध्यापिका अपर्णा लाहिरी या सुधाताईंच्याच एकेकाळच्या विद्यार्थिनी. पाचवीच्या चारही तुकड्यांना दरवर्षी असं एक खोकं द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. एका कंपनीचं चकचकीत खोकं, रंगीत काचेचे बारा खडे हमखास, टेबलावर येऊन पडलं होतं. दुसरं सुधाताईंचं मडकं. डिसेंबरातल्या एका गुरुवारी सुधाताईंनी एका तुकडीवर प्रयोग करून दाखवायचा आणि त्यानंतर निर्णय. कंपनी जिंकली तरी सुधाताईंच्या चुलीवर काही पाणी पडणार नव्हतं, पेन्शन होती. पण जिथं एकतीस वर्षं आपण खडू झिजवला तिथं आपल्या हयातीत काच स्फटिक म्हणून शिकवली जाणार, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. श्रीकांतरावांना त्यांनी तसं सांगितलंही, आणि वर हेही सांगितलं की काळजी करू नका, हरायचा प्रश्नच नाही.

वरच्या मजल्यावर त्यांचे भाडेकरू राहत: अमेय आणि तेजस्विनी रिसबूड, दोघंही आयटीत. त्यांची मुग्धा त्याच शाळेत पाचवीत होती आणि प्रयोग नेमका तिच्या वर्गावर व्हायचा होता. मुग्धा इथंच जन्मलेली. तिचं मराठी सुधाताईंना रोज दुरुस्त करावं लागे आणि ते रोज पुन्हा बिघडे. ती सुधाताईंना आजी म्हणे. घराच्या फाटकासमोर रस्ता दुरुस्तीसाठी काळ्या खडीचा ढीग दोन महिने पडून होता. मोटार काढता येत नाही म्हणून श्रीकांतराव वैतागलेले, धूळ मडक्यांवर बसते म्हणून सुधाताई वैतागलेल्या. आनंदात एकटी मुग्धा. शाळेतून आली की ती त्या ढिगावर बसून दगड निवडायची, आणि निवडलेले जिन्यात मांडून ठेवायची. बुधवारी संध्याकाळी सुधाताईंचा पाय त्यावरून घसरता घसरता वाचला. त्यांनी सगळे दगड सुपलीत भरून परत ढिगावर टाकले आणि मुग्धाला बजावलं, रस्त्यावरची घाण घरात आणायची नाही, दगड पाहायचे असतील तर उद्या वर्गात खरे पाहायला मिळतील. पण एक दगड तिच्या दप्तरात आधीच गेला होता.

त्याच रात्री जेवणं व्हायच्या आधी श्रीकांतराव खोकी भरत होते. मुली चाळीस होत्या आणि मडकी एकोणचाळीसच भरली. एकाला तडा गेला होता. सुधाताईंना आता सांगितलं तर त्या नवं मडकं भरून पंख्यापाशी राखण करत बसतील, हे ओळखून त्यांनी जिन्याखालचं एक मडकं हळूच काढलं, पुसलं आणि खोक्यात ठेवलं. मडक्यासारखं मडकं. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपण बायकोचा ताप वाचवला.

गुरुवारी वर्गात बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली. अपर्णा लाहिरी मागं खुर्चीवर, मांडीवर वही. सुधाताईंनी बोलायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत वर्ग खिशात टाकला. आवाज तोच, दरारा तोच, फक्त आता हातात खडूऐवजी दगड. पश्चिमेला त्यांच्या मुलखात लाव्हा कसा थरावर थर ओतला गेला, त्यात बुडबुडे कसे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक कसे वाढले, हे त्यांनी असं सांगितलं की मुली मडकी हातात घेऊन उलटसुलट बघू लागल्या.

अपर्णा लाहिरींनी हात वर केला, अगदी विद्यार्थिनीसारखा. सगळं फार सुंदर आहे, त्या म्हणाल्या, पण एक शंका आहे. हे सगळं महाराष्ट्रातलं. आमच्या मुली तो दगड आयुष्यात पाहतील न पाहतील. इथल्या मुलींचं यात काय आहे?

सुधाताई जराही अडखळल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बंगालच्या वाट्याला नदीनं माती दिली आणि ती सोन्यासारखी आहे. पण असा काळा दगड आणि असे स्फटिक इथं मिळायचे नाहीत, म्हणूनच तर ते मडक्यात घालून आणावे लागतात. मुख्याध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं. उत्तर आपल्याला शोभलं, असं सुधाताईंना वाटलं.

मग मडकी फुटली. मातीचा वास सुटला, कोरण्या चालू लागल्या आणि वर्गात एकेकीच्या तोंडून हळूच आनंदाचे उद्गार निघू लागले. कुणी शालपान उलगडून बसली होती, कुणी स्फटिक भिंगाखाली धरून शेजारणीला एकाच डोळ्यानं बघायला देत होती. सुधाताई मधून फिरत होत्या. आता हे खोकं आपलंच, यात त्यांना शंका उरली नव्हती. आणि मग त्यांना कोपऱ्यातली मुग्धा दिसली. तिचं मडकं फुटलं होतं, पण आतला गोळा जसाच्या तसा होता. कोरणीचं टोक वाकलेलं, कपाळावर घाम, डोळे भरलेले. सुधाताईंनी गोळा हातात घेतला, वजनावरूनच तो चुना-गुळाचा हे ओळखलं आणि मनातल्या मनात श्रीकांतरावांची चांगली झाडाझडती घेतली. सगळा वर्ग मुग्धाकडे बघत होता. मुख्याध्यापिकाही उठून जवळ आल्या.

मुग्धानं नाक पुसलं, दप्तरात हात घातला आणि मुठीत मावेल असा एक काळा दगड बाहेर काढला.

“आजी, माझ्या भांड्यातला निघतच नाहीये. मी हा आणला होता. याच्यात पण सफेद सफेद आहे. हा चालेल?”

सुधाताईंनी दगड घेतला तो केवळ पोरीला वाईट वाटू नये म्हणून. भिंग डोळ्याला लावलं ते सवयीनं. आणि मग दगड खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. काळ्या दगडात वाटाण्याएवढाले पांढरे ठिपके होते. एका ठिपक्याचं तोंड उघडं होतं आणि आत पोकळी होती.

त्यांच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. फाटकासमोरची खडी पाकूडची. कोलकात्यातले कितीतरी रस्ते, रुळांखालची खडी, ही पाकूडच्या खाणींतून येते, हे रेल्वेवाल्याच्या मुलीला माहीत नसेल असं होणारच नाही. पाकूड राजमहालच्या टेकड्यांत, झारखंडात पण बंगालच्या सीमेला लागून. राजमहालचा दगड अग्निजन्य, हे तर त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं, परीक्षेत नकाशावर टेकड्या भरायला लावल्या होत्या. सगळं ठाऊक होतं. फक्त तो दगड हातात घेऊन बघावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, कारण दगड म्हणजे आपल्याकडचा, ही गाठ नवव्या वर्षी मनमाडला बसली होती. काल तर त्यांनी तोच सुपलीत भरून फेकला होता.

दगड परत देऊन ‘छान आहे हं’ म्हणता आलं असतं. अपर्णा लाहिरींना भूगोल येत असला तरी दगड ओळखता येत नव्हता, तिथं कुणालाच काही कळलं नसतं. हा विचार सुधाताईंच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मुग्धाला चष्मा नीट लावायला सांगितला, दगड फडक्यात गुंडाळला, पिशवीतून आपली लहान हातोडी काढली आणि तिच्या हातात दिली. तिसऱ्या घावाला दगड उकलला. पोकळीच्या आतल्या अंगाला भिजल्या साबुदाण्यासारखे स्वच्छ, बारीक स्फटिक दाटीनं बसले होते. मडक्यातल्याइतके मोठे नव्हते, पण ते कुणी बसवलेले नव्हते.

सुधाताई उभ्या राहिल्या आणि वर्गाच्या आवाजात, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात बंगालीत म्हणाल्या, “मी मघाशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. काळा दगड इथंही आहे. तुमच्या रस्त्यांत आहे, तुमच्या गाड्यांच्या रुळांखाली आहे. आणि तोच दगड इथून खाली, ही सगळी माती संपल्यावर, कित्येक किलोमीटर खोल पसरलेला आहे. माझ्या सह्याद्रीपेक्षा जवळजवळ दुप्पट जुना आहे. हे मला माहीत होतं आणि तरी मी विसरले. मुग्धा विसरली नाही, कारण तिनं तो उचलून पाहिला.”

मुग्धानं पायाखालच्या फरशीकडे बघितलं. मग सगळ्याच मुलींनी बघितलं.

अपर्णा लाहिरी दगडाचे दोन्ही तुकडे हातात घेऊन उभ्या होत्या. “शुधादी,” त्या म्हणाल्या, “आठवीत राजमहालच्या टेकड्या चुकीच्या जागी दाखवल्या म्हणून तुम्ही माझे दोन मार्क कापले होते.”

सुधाताई म्हणाल्या, की ते बरोबरच कापले होते, टेकड्या चुकीच्याच जागी होत्या. आज चुकलं ते आपलं, आणि आपलेही दोन कापून घ्या. मुख्याध्यापिका हसल्या. कंपनीचं खोकं परत जाईल, असं त्यांनी तिथंच सांगितलं, मात्र एक अट घातली: खोक्यात मडक्याबरोबर एक न फोडलेला इथला दगडही हवा. आत काय आहे ते मुलीनं स्वतः बघायचं, असेल नाहीतर नसेल. सुधाताई म्हणाल्या, अट घातली नसतीत तर मीच घातली असती. आणि हे त्या नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी बेहाल्याच्या त्या गल्लीत लोकांनी एक मजेशीर दृश्य पाहिलं. चौसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका खडीच्या ढिगावर पाट टाकून बसल्या आहेत, मुग्धा एकेक दगड निवडून देते आहे आणि त्या भिंग लावून ठेवायचा की टाकायचा ते सांगताहेत. श्रीकांतराव बादली धरून उभे होते. गुळाच्या मडक्याबद्दल त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं, आणि शेवटी बाईंनी, त्या मडक्यामुळंच हे झालं, असंही कबूल करून टाकलं होतं, त्यामुळे ते खुशीत होते. रस्त्याचा ठेकेदार काय चाललंय ते विचारायला आला, त्याला सुधाताईंनी पाच मिनिटांचा धडा दिला. तो चहा पाजून गेला.

घरात आल्यावर त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. मुग्धाच्या दगडाचा एक अर्धा मुग्धाकडेच राहिला, दुसरा तिनं आजीला दिला होता. तो त्यांनी मनमाडच्या दगडाशेजारी ठेवला. दोन्ही काळे, दोन्ही जड. पट्टी नसली तरी आपल्याकडचा दगड डोळे मिटून ओळखेन, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. त्यांनी खरंच डोळे मिटून, पट्टीची आणि फुटलेली बाजू टाळून, दोन्ही चाचपले, आणि ओळखता आले नाहीत. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. फार बरं वाटलं.

त्यांनी कागदाची एक पट्टी कापली, पेन घेतलं, लिहिलं आणि नव्या दगडावर चिकटवली. मुग्धा टेबलाला रेलून उभी होती. तिला मराठी वाचायला वेळ लागे. तिनं आधी सुधाताईंच्या वडिलांच्या अक्षरातली जुनी, पिवळी पडलेली पट्टी वाचली, मग नवी. मग पुन्हा जुनी.

“आजी, दोन्हीवर सेम लिहिलंय,” ती म्हणाली, आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत तिनं नवी पट्टी मोठ्यानं वाचली, “आपल्या... गावचा... दगड.”

या वेळी सुधाताईंना तिचं काही दुरुस्त करावं लागलं नाही.